लाज न बाळगणारी, पण निर्लज्ज नव्हे : मानपत्रासाठी शब्द शोधताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या आत्या पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत, घरच्या घरी अमृतमहोत्सव करून त्यांना मानपत्र द्यायचे ठरले आहे आणि ते लिहिण्याचे काम आपल्यावर आले आहे. यजमान गेल्यावर त्यांनी दोन म्हशींच्या जोरावर संसार उभा केला, तीसेक वर्षे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पुरुषांच्या रांगेत म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढली, आणि दहाव्याच्या दिवशी कुंकू पुसायला आलेल्या बायकांना उंबऱ्यावरूनच परत पाठवले. आता त्यांच्याविषयी लिहिताना आपल्या चुलत भावाला ‘बिनधास्त’ हा शब्द हवा आहे, घरातल्या सुनेला ‘बोल्ड’, आणि काकांना ‘धाडसी’. आपल्याला यातला एकही पुरेसा वाटत नाही, कारण आत्या घाबरल्या नाहीत एवढेच आपल्याला सांगायचे नसून त्यांनी लाज बाळगली नाही हे सांगायचे आहे, आणि त्या अर्थाचा शब्द शोधायला गेले की हाताला ‘निर्लज्ज’ लागतो.

मी कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते आहे. मानपत्रे, स्मरणिका, निवृत्तीच्या कार्यक्रमपत्रिका आणि श्रद्धांजलीची पत्रके हा माझ्या कामाचा मोठा भाग असल्याने एखाद्या माणसाचा गौरव करताना कोणता शब्द कुठे दगा देतो, हे मला बहुतांशी चुका करूनच कळले आहे. आपल्याला हवा तसा एकच शब्द मराठीत नाही, असे मी आधीच सांगून टाकते. तो का नाही हे पाहिले, तर मात्र आपले मानपत्र कसे लिहावे याचा मार्ग सापडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

धीटपणासाठी आपण वापरतो ते बहुतेक शब्द मुळात कशाचा तरी अभाव सांगतात. निर्भय म्हणजे भय नसलेला, निःसंकोच म्हणजे संकोच नसलेला, बिनधास्त म्हणजे धास्ती नसलेला, बेदरकार म्हणजे दरकार नसलेला, बेमुर्वतखोर म्हणजे मुर्वत न ठेवणारा, निर्लज्ज आणि बेशरम म्हणजे लाज किंवा शरम नसलेला. म्हणजे हे शब्द माणसात काय आहे ते सांगतच नाहीत, त्याच्यातून काय वजा झाले आहे तेवढेच सांगतात. त्यामुळे ‘धीट बाईसाठी शब्द कोणता’ असे विचारण्याऐवजी ‘आत्यांनी नेमके काय बाजूला ठेवले’ असे विचारले की निम्मे काम होते. भीती बाजूला ठेवणे आपल्या समाजात नेहमीच कौतुकाचे मानले गेले आहे. दरकार आणि मुर्वत बाजूला ठेवणे बहुधा निंदेचे. आणि भीड, संकोच व लाज या तीन गोष्टी मधल्या पट्ट्यात आहेत, जिथे स्तुती आणि निंदा यांच्यातला फरक शब्दात नसून वाक्यात असतो. आपली अडचण नेमकी या मधल्या पट्ट्यातली आहे.

भिडेपासून सुरुवात करते, कारण या शब्दाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे. ‘निर्भीड’ हा शब्द भीतीवरून आला असावा अशी पुष्कळांची समजूत असते आणि म्हणून ते ‘निर्भिड’ असे ऱ्हस्व लिहूनही मोकळे होतात. त्यात भीती नाही, भीड आहे. समोरच्या माणसाचे वय, त्याच्याशी असलेले नाते किंवा त्याने केलेले उपकार यांच्यामुळे जीभ जिथे अडखळते, तो अडथळा म्हणजे भीड. एखादा माणूस वाघाला न घाबरणारा असूनही पक्का भिडस्त असू शकतो, आणि ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण अशाच माणसासाठी आहे. काम सुरू करून दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा एका निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मानपत्रात मी ‘कोणाचीही भीड न बाळगणारे’ असे लिहिले. माझ्या मते ही सर्वांत मोठी स्तुती होती. मानपत्राचे वाचन झाल्यावर संस्थेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि हसत हसत म्हणाले, “आमचीसुद्धा भीड नव्हती, हे आज छापील कळलं.” सभागृह हसले, मुख्याध्यापक मात्र घामाघूम झाले. चौकटीतले मानपत्र दुसऱ्या दिवशी परत आले आणि मी पदरच्या पैशाने ते नव्याने छापून दिले. नव्या प्रतीत मी दोनच शब्द वाढवले होते : ‘सत्य सांगताना कोणाचीही भीड न बाळगणारे’. या वाक्यावर कोणीही आक्षेप घेतला नाही. भीड कुठे बाजूला ठेवली हे सांगितल्याबरोबर उद्धटपणाची शंका संपली. त्या दोन शब्दांनी मला जे शिकवले, तेच मी आज आपल्याला निरनिराळ्या वाटांनी सांगते आहे.

याच शब्दाचा ‘भीड चेपणे’ हा वाक्प्रचार पाहण्यासारखा आहे. स्नेहसंमेलनात पहिल्यांदा रडलेली मुलगी दुसऱ्या वर्षी खणखणीत बोलली की आपण कौतुकाने म्हणतो, तिची भीड चेपली. रोज वाटीभर साखर मागायला येणाऱ्या शेजाऱ्याबद्दलही आपण तेच शब्द वापरतो, पण कपाळाला आठ्या घालून. शब्द तोच राहतो. कोणाची भीड कोणासमोर चेपली, त्यावर त्याचा रंग ठरतो.

काकांचा ‘धाडसी’ चुकीचा नाही, फक्त तो एका प्रसंगाचा शब्द आहे. पुराच्या पाण्यात उडी घेणारा धाडसी असतो. तीस वर्षे पहाटे उठून कट्ट्यावर म्हैस नेण्याला धाडस म्हटले तर ते कमी पडते. त्याच्या जवळचा ‘धीट’ हा शब्द मला अधिक प्रिय आहे, आणि त्याचा प्रवासही मोठा गमतीचा आहे. धीट हा संस्कृत ‘धृष्ट’ या शब्दातून प्राकृतातून आलेला आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात नायकाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत अनुकूल, दक्षिण आणि शठ यांच्यानंतर धृष्ट येतो, आणि त्याची व्याख्या अशी की अपराध करूनही तो निःशंक असतो, झिडकारले तरी लाजत नाही आणि दोष उघड दिसत असतानाही खोटे बोलतो. एवढ्या बदनाम घराण्यातला शब्द मराठीत येऊन पहिलीतल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्गात धीटपणे उत्तरे देतो’ असा बसला आहे. त्याच घरातले ‘धार्ष्ट्य’ मात्र अजून संशयितच राहिले आहे : ‘असे म्हणण्याचे धार्ष्ट्य तो करतो’ हा ठपका असतो, आणि ‘खरे बोलण्याचे धारिष्ट त्याने दाखवले’ ही शाबासकी. (छापखान्यात येणाऱ्या मजकुरात या दोहोंची सरमिसळ करून ‘धाष्टर्य’ असे काहीतरी लिहिलेले असते, आणि लेखकाला स्तुती करायची होती की निंदा, हे फोन करून विचारावे लागते.) ‘प्रगल्भ’ या शब्दानेही अशीच उन्नती करून घेतली आहे. त्याच साहित्यशास्त्रातल्या मुग्धा आणि मध्या या नायिकांच्या पुढची, लाजेचा भार उतरलेली नायिका म्हणजे प्रगल्भा. आज आपण विचारांनी परिपक्व असलेल्या माणसाला प्रगल्भ म्हणतो आणि त्यात लाजेचा संबंध आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. आपल्या आत्यांसाठी मात्र ‘धीट’ चालणार नाही. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला धीट म्हटले की ती शाबासकी वरून खाली दिल्यासारखी वाटते. हा शब्द मोठ्यांनी लहानांना द्यायचा आहे.

आता घरातल्या तरुणांच्या दोन शब्दांकडे येते. ‘बोल्ड’ मला नकोच आहे, आणि त्याचे कारण तो इंग्रजीतून आला हे नाही. कोल्हापुरात ‘डेअरिंग’ हा शब्द इतका रुळला आहे की ‘गड्यात डेअरिंग हाय’ या वाक्यात कोणाला तो परका वाटत नाही, आणि त्यात निंदेचा लवलेशही नाही. पण बोल्ड हा शब्द मराठीत आला तो वर्तमानपत्रांच्या चित्रपट पुरवणीतून. बोल्ड दृश्य, बोल्ड छायाचित्रे, बोल्ड अंदाज या जोड्यांनी त्याच्यावर कपड्यांचा अर्थ इतका पक्का चिकटवला आहे की समारंभाला आलेल्या सत्तरीतल्या पाहुण्यांच्या कानांवर दुसरा अर्थ पोहोचणारच नाही. सुनेच्या मनात जो अर्थ आहे तो तिच्या मैत्रिणींमध्ये खरा आहे, हे मी मान्य करते. पण मानपत्र तिच्या मैत्रिणींसमोर वाचायचे नाही. आमच्या छापखान्यात बोल्ड म्हणजे ठळक टाइप, आणि तेवढ्यापुरता तो आत्यांच्या नावाला जरूर वापरावा.

‘बिनधास्त’ची गोष्ट वेगळी आहे. तो आपलाच शब्द आहे, बोलण्यात दिवसातून दहा वेळा येतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. ‘बिनधास्त या, जेवायलाच या’ असे म्हणताना आपण पाहुण्याच्या स्वभावावर काही भाष्य करत नसतो, त्याचा संकोच घालवत असतो. ‘बिनधास्त विचार’, ‘बिनधास्त झोप’ यांतही तेच. पण हाच शब्द क्रियेला न लावता माणसाला लावला, विशेषतः बाईला लावला, की ऐकणाऱ्याच्या भुवया हलतात. ‘ती बिनधास्त बोलते’ आणि ‘ती बिनधास्त आहे’ या दोन वाक्यांतला फरक मी शिकाऊ मुद्रितशोधकांना नेहमी दाखवते. पहिल्या वाक्यात शब्द क्रियाविशेषण आहे आणि तो एका कृतीपुरता बोलतो. दुसऱ्यात तो विशेषण होऊन माणसाला चिकटतो, आणि मग ‘कशाच्या बाबतीत बिनधास्त’ हा प्रश्न ऐकणारा आपल्या मनाप्रमाणे भरून काढतो. बेधडक, निःसंकोच, खुलेपणाने, रोखठोक या सगळ्यांचे असेच होते. बेधडक बोलणे हा गुण ठरतो, पण ‘बेधडक बाई’ म्हटले की ते पडद्यावरच्या जाहिरातीसारखे वाटते. ‘आगाऊ’ या शब्दाने तर हा प्रवास पूर्णच केला आहे : पैशाला लावला की आगाऊ रक्कम, आणि माणसाला लावला की आपल्या पायरीच्या पुढे गेलेला. वेळेच्या आधी आलेल्या पैशाचे स्वागत होते, पायरीच्या पुढे आलेल्या सुनेचे होत नाही.

लाजेवर जरा थांबते, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. मराठीत ‘लाज’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी नांदतात. चूक केल्यावर जी वाटते तीही लाज, नवरी जी लाजते तीही लाज, आणि ‘पोराने घराण्याची लाज राखली’ म्हणताना जी असते ती अब्रूही लाजच. म्हणून ‘निर्लज्ज’ किंवा ‘निलाजरा’ म्हटले की अपराधाची जाणीव, विनय आणि अब्रू या तिन्हींवर एकदम काट मारली जाते. ज्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हतेच म्हणून जिला लाज वाटली नाही, अशा बाईसाठी या शब्दात जागाच उरत नाही. तिच्यासाठी वेगळा शब्द आपण घडवला नाही, कारण अशी बाई असू शकते हेच आपल्या बोलण्यातून फारसे मान्य केलेले नाही.

बोलीकडे कान दिला तर हे आणखी स्पष्ट दिसते. आपल्याकडे एखाद्याला झापताना ‘लाज’ हा शब्द उच्चारावाही लागत नाही. “तुला काही वाटतं का?” एवढे पुरते. काय वाटायला हवे ते सांगायची गरज नसते, इतके ते गृहीत धरलेले आहे. ‘तिला काय वाटतच न्हाई’ हे वाक्य मी कट्ट्यावर, नळावर आणि लग्नाच्या मांडवात ऐकले आहे, आणि ते दर वेळी निंदेचेच होते. आपल्या आत्यांबद्दलही चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी हेच म्हटले असणार.

मात्र याच लाजेने स्वतःची सोडवणूकही करून ठेवली आहे. ‘कामाची लाज कसली?’ हे वाक्य पाहा. ‘कष्टाची लाज बाळगू नये’ असे आपण मुलांना मुद्दाम शिकवतो. म्हणजे लाजेला षष्ठीचा आधार दिला, कशाची लाज ते सांगितले, की लाज नसणे हा एकदम सद्गुण होतो. ‘निर्लज्ज’ या विशेषणात हा ‘कशाची’ बसवायला जागाच नाही, तो समास आधीच बंद झालेला आहे. ‘लाज वाटली नाही’ या क्रियापदाच्या रचनेत ती जागा मोकळी असते. माझ्या मुख्याध्यापकांच्या मानपत्रात जे दोन शब्द वाढवल्याने झाले, तेच इथे एका प्रत्ययाने होते. म्हणूनच ‘जनाची नाही तर मनाची तरी’ ही म्हण मला फार शहाणी वाटते. ती रागावून वापरली जाते हे खरे, पण जनाची लाज आणि मनाची लाज या दोन वेगळ्या असतात आणि एक सोडूनही दुसरी शाबूत राहू शकते, हे तिने केव्हाच मान्य केले आहे.

बाईच्या बाबतीत अडचण दुप्पट होते, हे आपल्यालाही जाणवले असेलच. धीट पुरुषासाठी रांगडा, रगेल, निधड्या छातीचा, छातीठोक असे शब्द आपल्याकडे तालमीच्या लाल मातीइतके मुबलक आहेत, आणि ‘रांगडा’सारखा एके काळी ओबडधोबड माणसाला लावलेला शब्द आज कोल्हापूरकर अभिमानाने मिरवतात. बाईची वेळ आली की एकतर ‘मर्दानी’ म्हणून तिला पुरुषाच्या मापाने मोजायचे, नाहीतर ‘रणरागिणी’ म्हणून थेट लढाईवर पाठवायचे. ताराराणींना रणरागिणी म्हटलेले शोभते. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर पंचविशीतल्या त्या विधवा राणीने सात वर्षे औरंगजेबाशी खरोखर रण मांडले होते. पण पाणीपुरवठ्याच्या मोर्चापासून हळदी-कुंकवाच्या आयोजनापर्यंत सगळीकडे तो शब्द वापरून आपण त्याची पार धार घालवली आहे, आणि आत्यांनी धार काढली ती तलवारीची नव्हे. ‘खमकी’ हा शब्द मला आवडतो. त्यात टिकाऊपणा आहे आणि निंदा नाही. घरातल्या भाषणात तो जरूर वापरा. लिखित मानपत्राच्या भाषेत तो जरा सलगीचा वाटेल. ‘फटकळ’ मात्र टाळाच. मला स्वतःला तो इतक्यांदा चिकटवला गेला आहे की त्यातल्या ‘पण मनाने चांगली’ या न बोललेल्या पुरवणीचा मला कंटाळा आला आहे.

शब्द नसण्याची ही अडचण नवी नाही. संत जनाबाईंनी डोईचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारातून जाईन असे म्हटले, आणि त्याच अभंगाच्या शेवटी स्वतःला ‘येसवा’, म्हणजे वेश्या, म्हणवून घेतले. लोकलाज सोडलेल्या बाईसाठी भाषेत जो शब्द तयार होता तो शिवीचा होता. त्यांनी तोच उचलला आणि देवासमोर ठेवला. ते त्यांनाच शक्य होते. स्वतःसाठी उचललेली शिवी ही बंडखोरी असते, पण दुसऱ्याने मानपत्रात लिहिली तर ती पुन्हा शिवीच होते. हे मुद्दाम लिहिते, कारण आपण प्रश्नात ‘चांगल्या अर्थाने निर्लज्ज असे लिहिले तर?’ असेही विचारले आहे. आत्या स्वतः हसत म्हणाल्या तर ती गोष्ट वेगळी आहे. आपण लिहू नका.

ज्या शब्दांना चांगला अर्थ देण्याचा प्रयत्नही करू नये, असे काही आहेत. कोडगा, निगरगट्ट, निर्ढावलेला हे शब्द लाज मुळात नसलेल्याचे नाहीत. ती वाटून वाटून बोथट झालेल्याचे आहेत, जशी निबर झालेली भेंडी शिजवली तरी मऊ होत नाही. आत्यांचे तसे काही झालेले नाही. ‘राजरोस’ या शब्दाला आता दारूविक्री आणि वाळूउपसा याखेरीज सोबत उरलेली नाही. आणि एक शब्द कधीच वापरू नका, गमतीतही नाही : ‘बेरड’. निगरगट्ट या अर्थाने तो बोलण्यात सर्रास येतो, पण ते एका समाजाचे नाव आहे. इंग्रजी अमदानीत ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला गेला, त्यांच्यापैकी हा एक समाज. तो शिक्का मारणारा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज त्याचे नाव आहे. आपल्या जिल्ह्यात या समाजाची माणसे राहतात, कदाचित आपल्या समारंभालाही येतील.

कुंकवाच्या प्रसंगाविषयी वेगळे सांगायला हवे. मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितला. त्या वेळी वर्तमानपत्रांनी वापरलेले शब्द क्रांतिकारी, पुरोगामी, धाडसी असे होते. आत्यांनी तेच एकटीने, कोणत्याही ठरावाशिवाय, चाळीसेक वर्षे आधी केले तेव्हा त्यांना जे शब्द ऐकावे लागले असतील ते यांच्या जवळपासचेही नसणार. कृती तीच होती. मध्ये काळ गेला आणि पाठीशी गाव आले. आपल्या मानपत्रात आजचे शब्द त्या जुन्या दिवसावर नुसते चिकटवले, तर त्या वेळी एकटे उभे राहण्याला जी किंमत मोजावी लागली ती पुसली जाईल. म्हणून मी तिथे ‘पुरोगामी’ हा शब्दही लिहिणार नाही. काय घडले ते साध्या शब्दांत लिहीन.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. मानपत्र घरातल्या पन्नास माणसांत वाचले जाणार असेल तर ‘खमकी’, ‘बिनधास्त’ हे शब्द आत्यांच्या मांडीवर वाढलेल्या नातवंडांच्या तोंडी शोभून दिसतील. गावातली प्रतिष्ठित मंडळी व्यासपीठावर असतील तर लिखित भाषा सांभाळावी. कुंकू पुसायला आलेल्या बायकांपैकी कोणी हयात आहेत का, त्या समोर बसणार आहेत का, हेही पाहायला हवे. वाचणारा कोण, यानेही फरक पडतो. ‘आपण कोणाची भीड ठेवली नाही’ हे वाक्य भाच्याच्या तोंडून अभिमानाचे वाटेल, दिरांच्या तोंडून तक्रारीचे.

तर विशेषण शोधणे सोडा, आत्यांनी काय केले ते क्रियापदाने सांगा, आणि प्रत्येक ठिकाणी कशाची लाज, कुठे भीड, कोणासमोर, हे लिहा. ‘उजळ माथ्याने’, ‘ताठ मानेने’, ‘डोळ्याला डोळा देऊन’ हे आपले जुने शब्दप्रयोग यासाठी फार उपयोगाचे आहेत, कारण ते माणसाला नाव ठेवत नाहीत, त्याची उभे राहण्याची पद्धत दाखवतात. ‘उजळ माथ्याने’ हल्ली बातम्यांत आरोपींच्या फिरण्याला लावला जातो, पण कर्ता चांगला असेल तर तो अजूनही लख्ख आहे. आपल्याला सुरुवात म्हणून हा मसुदा देते, त्यात आपल्या माहितीप्रमाणे बदल करावेत :

“म्हशीचे दावे हाती धरून भर रस्त्याने जाताना आपल्याला कष्टाची लाज कधी वाटली नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर पुरुषांच्या रांगेत आपण तीस वर्षे उजळ माथ्याने उभ्या राहिलात, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काढलेल्या धारेत पाण्याचा थेंब मिसळू दिला नाहीत. कुंकू पुसायला चारजणी दारी आल्या, तेव्हा आपण जनाची भीड मोडलीत आणि मनाची राखलीत.”

शेवटचे वाक्य छापायला देण्यापूर्वी आत्यांना एकट्यात वाचून दाखवा. तो दिवस त्यांचा आहे, आणि तो चारचौघांत पुन्हा उघडायचा की नाही हे त्यांनीच ठरवावे. नको म्हणाल्या तर ते वाक्य निमूटपणे काढून टाका. पहिली दोन वाक्ये पुरेशी आहेत. आणि त्या स्वतः त्या दिवसाविषयी बोलू लागल्या, तर त्यांच्या तोंडी जो शब्द येईल तो लिहून घ्या आणि माझ्या मसुद्यातला शब्द खोडून तो तिथे घाला.